पंख्यापलीकडचा आवाज

१

काकांच्या खोलीला आतून बोल्ट होता, आतून काकांचा आवाज येत होता, आणि दार फोडलं तेव्हा आत काका नव्हते. बाकी सगळं जागच्या जागी होतं.

हे मी आता शांतपणे सांगतोय. त्या दुपारी मात्र ऐन उन्हाळ्यात माझे दात वाजत होते, आणि दातांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला ते बरं दिसत नाही.

आमच्या घराच्या तळमजल्यावर हा दवाखाना आहे. डॉक्टर आमचे भाडेकरू आणि मी त्यांचा मदतनीस. म्हणजे नळाला पाणी नसलं की मालकाच्या घरचा म्हणून तक्रार मीच ऐकायची आणि मदतनीस म्हणून तीच तक्रार वर पोचवायलाही मीच जायचं. त्या दिवशी सकाळपासून पाणी नव्हतं. खुर्चीत एक आजोबा तोंडात कापूस घेऊन बसले होते आणि चूळ भरायला पाणी कधी येणार, हे डोळ्यांनी विचारत होते. ऊन असं होतं, की बाहेर गाडीखाली झोपलेलं कुत्रं गाडी सुरू झाली तरी हलेना. शेवटी गाडीवाल्यानंच गाडी बंद केली आणि तो चालत गेला.

आणि छतातून नेहमीप्रमाणे काकांचा आवाज झिरपत होता.

"प्र-प्र-प्रवाशांनी कृ-कृ-कृपया लक्ष द्यावे..."

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. जन्मभर बस स्थानकावर गाड्या पुकारल्या. निवृत्तीनंतर गाड्या सुटल्या, पुकारणं सुटलं नाही. रोज दुपारी टेबलफॅन लावायचे, दार बंद करायचे आणि पंख्याच्या मागे बसून सराव करायचे. पात्यांमधून येताना त्या आवाजाचे तुकडे पडायचे. नव्या पेशंटला वाटायचं, वर कोणाची तरी दाढ भूल न देता काढताहेत. दोघे जण तर स्वतःची दाढ घेऊन परत गेले.

त्या पंख्याची एक वेगळीच व्यवस्था होती. काका त्याच्या जाळीला एक दोरी बांधत. दोरीचं दुसरं टोक दाराच्या बोल्टला, कारण भिंतीत खिळा ठोकायला दादाची परवानगी नव्हती. त्या दोरीवर दोन चिमट्यांनी ओला टॉवेल लटकवायचा. पंखा मान फिरवत त्यातून हवा सोडायचा आणि खोली गार व्हायची. गारवा बाहेर पळू नये म्हणून आमच्या घरात कोणीही खोलीतून निघालं, की दार मागे घट्ट ओढून घेतं. पाहुणेसुद्धा दोन दिवसांत शिकतात.

आजोबांनी कापूस बाहेर काढून मला विचारलं, "वर माणूस आहे ना नक्की?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात जिन्यातून वहिनीची हाक आली.

"भाऊजी, वर या! काका दार उघडत नाहीयेत!"

२

वहिनी दारासमोर सरबताचा पेला घेऊन उभी होती. आदल्या दिवशी तिचं आणि काकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही भिंतीकडे बघणारी. तिनं तासभर पंखा मागितला होता. काकांनी मान हलवून नाही म्हटलं होतं. अलीकडे काका जेवतानाही बोलत नसत, पाणी हवं तर पेल्याकडे बोट दाखवत. आवाज पुकारण्यासाठी राखून ठेवतात, असा विनोद मी केला होता आणि त्यावर एकटाच हसलो होतो. त्या नकारावर वहिनी सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली होती, "एक दिवस तुम्हाला त्या पंख्यासकट गच्चीवर नेऊन ठेवीन!"

म्हणून आज सरबत होतं.

दादा झोपेतून उठून आला होता. गालावर उशीची नक्षी. त्यानं दारावर मूठ आपटली. "काका! बरे आहात ना?"

आतून आवाज आला, "गा-गाडी फलाट क्र-क्रमांक चारवर ला-लागत आहे."

"काका, दार उघडा!"

"आ-आपल्या सामानाची का-काळजी घ्यावी."

आम्ही तिघं दार बडवत होतो. डॉक्टरही हातमोज्यांसकट वर आले आणि बडवू लागले. आम्ही काहीही विचारलं तरी आतून बसचं उत्तर येत होतं. उन्हानं माणसाचं डोकं फिरतं, हे मी ऐकून होतो. हृदयाची गोळी घेणाऱ्या माणसाचं फिरलं तर पुढे काय होतं, तेही ऐकून होतो.

आणि वीज गेली.

घरघर थांबली. घरभर एकदम शांतता पसरली. आणि त्या शांततेत, दारापलीकडून काकांचा आवाज आला. पण थरथर नव्हती. तुकडे नव्हते. स्वच्छ, खणखणीत, गोड आणि तरुण. पंचवीस वर्षांपूर्वीचे काका आत उभे होते.

"प्रवाशांनी धावत्या गाडीत चढू नये. सर्वांचा प्रवास सुखाचा होवो."

मग खट् असा आवाज झाला आणि काहीच नाही.

वहिनीच्या हातून पेला पडला. डॉक्टर माझ्या मागे उभे होते. ते तिथे कधी गेले, मला कळलं नाही; मी त्यांच्या मागे जायला निघालो होतो.

"बाजूला व्हा," दादा म्हणाला आणि खांदा घालून त्यानं दार फोडलं. बोल्ट स्क्रूंसकट उखडून फरशीवर पडला.

खिडकीला गज होते, शाबूत. कॉट होती, स्टूल होतं, स्टुलावर तो पिंपासारखा जड लोखंडी पंखा होता. पलंगपोशावर माणूस बसल्याचा खळगा होता.

माणूस नव्हता.

३

"कोणीही कशाला हात लावायचा नाही. सगळे हात दिसतील असे ठेवा."

ही आत्या, दार फुटल्याचा आवाज ऐकून आलेली. वडिलांची आणि काकांची मोठी बहीण. नोकरी शाळेत, पण कीर्ती परीक्षेच्या भरारी पथकातली. बाहीतली, बुटातली, एकदा तर प्लास्टरमधली चिठ्ठी तिनं बाहेर काढली होती. प्लास्टरमधला पाय खरंच मोडलेला होता, हे तिला नंतर कळलं. उन्हाळ्यात ती आमच्याकडे राहायला येते आणि आम्ही सगळे सरळ बसतो.

खोलीत दुपार साचली होती. वीज नव्हती. तिनं आम्हाला कॉटवर ओळीनं बसवलं, मध्ये अंतर सोडून.

"आधी तू," ती दादाला म्हणाली. "हा बोल्ट इतका गुळगुळीत कसा?"

"मीच तेल घातलं परवा. रोज दुपारी करकरायचा, झोप मोडायची."

"ही खोली तुला हवी होती ना?"

"आत्या! हवी होती म्हणून काकांना अदृश्य करीन का?"

"अदृश्य कोणी होत नाही. 'मी असं करीन का' असं पहिल्या बाकावरची मुलंही म्हणायची." ती डॉक्टरांकडे वळली. "तुम्ही मघाशी जिन्यात होतात."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. "पाणी बघायला आलो होतो. तुमच्या बाथरूमचा नळही कोरडा निघाला. परत गेलो."

"माझ्या भावाच्या आवाजानं तुमचे पेशंट पळतात."

"पळतात," डॉक्टर म्हणाले. "पण त्यासाठी माणूस नाहीसा करायचा तर आधी माझं ड्रिल नाहीसं करावं लागेल. त्यानं जास्त पळतात."

"काही ऐकलंत?"

"वरून ठक ठक ऐकू येत होतं. वहिनी काहीतरी कुटतायत असं वाटलं."

"मी?" वहिनी म्हणाली. "मीही ऐकलं. मला वाटलं तुमचं यंत्र."

आत्या वहिनीच्या हातांकडे बघत होती. ते हात पदराचं टोक पिळत होते. "तू कुठे होतीस?"

"स्वयंपाकघरात. त्याआधी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर. बस. आत्या, काल मी बोलले ते रागात बोलले हो. असं कोणी करतं का?"

"मी विचारलं का?"

"सगळे त्याचाच विचार करताहेत," वहिनी म्हणाली, आणि ते खरं होतं. दादा जमिनीकडे बघू लागला.

मग आत्या माझ्याकडे वळली. मी न विचारताच सगळं सांगायला तयार होतो, अगदी न केलेलंसुद्धा. पण तिनं मला फक्त पंख्यामागची उशी उचलायला लावली.

उशीखाली टेपरेकॉर्डर होता. बॅटरी सेलवर चालणारा. आतली कॅसेट संपून थांबली होती.

"हा आवाज," आत्या म्हणाली. तिनं कॅसेट थोडी मागे नेली, कळ दाबली. तरुण काका खोलीभर पसरले. "पंखा चालू असताना पात्यांतून थरथरत येतो. पंखा थांबला, तसा सरळ आला. टेप सेलवर, म्हणून वीज गेली तरी बोलत राहिला. संपल्यावर खट् झालं."

"पण काका तर रोज स्वतः म्हणतात!" मी म्हणालो.

"शेवटचं कधी बोलले तुझ्याशी?"

मी आठवू लागलो. दादा आठवू लागला. वहिनी हळूच म्हणाली, "काल 'नाही' असं म्हणालेच नाहीत. मान हलवली. आणि परवा औषध मागितलं ते कुजबुजून. मला वाटलं रुसलेत."

"घसा गेलाय त्याचा," आत्या म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच पर्यवेक्षकासारखा नव्हता. "जन्मभर आवाजावर जगला. तुम्हाला कळू नये म्हणून टेप पंख्यामागे लावत होता. पंखा मध्ये असला, की खरं-खोटं कोणाला कळणार?"

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. भूत नव्हतं. मग लक्षात आलं, हे त्याहून वाईट आहे. आवाज टेपचा असेल तर काका केव्हाच बाहेर पडले असतील. हाक मारता न येणारा, नाजूक हृदयाचा माणूस या उन्हात कुठेतरी आहे, आणि आपण बराच वेळ एका यंत्राला दार उघडायला सांगत होतो.

"पण बाहेर पडलेच कसे?" दादा किंचाळला. "बोल्ट आतून होता!"

४

मी खाली धावत जाऊन आलो. काकांच्या चपला मुख्य दाराशी होत्या. दुसऱ्या चपला त्यांना नाहीतच. आजोबा अजून खुर्चीत होते. त्यांनी कोणालाही बाहेर जाताना पाहिलं नव्हतं.

"म्हणजे घरातच आहे. अनवाणी," आत्या म्हणाली.

घर केवढं! आम्ही पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. दादानं गव्हाची कोठी उघडून पाहिली, ज्यात काका फक्त हप्त्याहप्त्यानं मावले असते.

"गच्ची?" मी विचारलं.

"गच्चीच्या दाराला आतून कडी आहे. मी पाहिलं," दादा म्हणाला. "वर कोणी असेल तर आतून कडी कशी असेल?"

ते पटण्यासारखं होतं. आम्ही सगळे पटवून घेऊन पुन्हा काकांच्या खोलीत आलो. माणूस घाबरला की जिथे शोधून झालंय तिथेच पुन्हा शोधतो.

आत्या दोरीकडे बघत होती. जाळीला बांधलेली दोरी स्टुलावरून खाली लोंबत होती, दुसऱ्या टोकाला उखडलेला बोल्ट. मध्ये दोन चिमटे.

"टॉवेल कुठंय?"

कोणाला माहीत नव्हतं.

"दोन चिमटे आहेत, टॉवेल नाही. तो चोरण्यासारखा—"

खर्रर्र.

फरशीवरचा बोल्ट हलला. कोणीही हात न लावता तो दीड वीत सरकला, माझ्या पायापाशी आला आणि थांबला. मी कॉटवर होतो. मी कॉटवर कधी चढलो ते विचारू नका. डॉक्टर आधीच तिथे होते आणि त्यांनी जागा दिली नाही.

खर्रर्र. बोल्ट पुन्हा सरकला.

"वीज आली," आत्या म्हणाली.

पंखा फिरत होता. मान दारापासून लांब वळवताना दोरी ताणत होता आणि बोल्टला ओढत होता. मग मान इकडे, दोरी सैल. पुन्हा तिकडे, पुन्हा ओढ.

आत्यानं बोल्ट उचलून फुटलेल्या दारावर, त्याच्या जुन्या जागी धरला, उघडा. दार तिनं लावून घेतलं. पंख्यानं मान वळवली. दोरी ताणली गेली, आणि तेल घातलेला बोल्ट तिच्या बोटांमधून अलगद चौकटीत शिरला.



"टॉवेल वाळला," आत्या म्हणाली, आता घाईघाईनं. "त्यानं टेप चालू ठेवला, बोल्ट काढला, टॉवेल घेऊन बाहेर पडला. गारवा पळू नये म्हणून दार ओढून घेतलं, या घरात सगळे घेतात तसं. मागे पंख्यानं बोल्ट लावला. तो आत नव्हताच. टॉवेल ओला करायला कुठे जाईल?"

"बाथरूम," दादा म्हणाला.

"नळ कोरडा आहे," डॉक्टर कॉटवरून म्हणाले.

"मग पाणी कुठे उरतं?"

गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी. टाकीच्या बुडाला एक तोटी आहे, मागच्या बाजूला, जिथून जिन्याचं दार दिसत नाही.

"पण कडी—" दादा म्हणाला.

"एका दाराला आतून बोल्ट होता म्हणून आपण समजलो, तो आत आहे. दुसऱ्याला आतून कडी होती म्हणून समजलो, तिथे नाही. आतून, आतून! आज या घरात त्या शब्दावर कोणी—"

तिला वाक्य पुरं करता आलं नाही. वहिनी जिन्याकडे धावत सुटली होती.

"मी लावली," ती ओरडत होती. "कपडे आणले आणि कडी मी लावली! झळा येत होत्या!"

ठक ठक. ते कुटणं नव्हतं, यंत्र नव्हतं. आम्ही त्यांचं दार वाजवत होतो, तेव्हा ते आमचं वाजवत होते.

आणि आता वरून काहीच ऐकू येत नव्हतं.

५

कडी तापली होती. वहिनीनं ती उघड्या हातानं काढली.

गच्चीवर पाऊल टाकलं आणि मी उडी मारून मागे आलो. पायात चपला होत्या, तरी चटका बसला. दाराच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, मुठीच्या घामाचे वाळलेले डाग होते.

काका टाकीच्या मागे होते. टाकी आणि कठडा यांच्यामधल्या हातभर सावलीत, गुडघे पोटाशी घेऊन, डोक्यावर टॉवेल. टॉवेल कोरडा होता. तोटीतून थेंब पडत होता, एक, मग बऱ्याच वेळानं दुसरा. तळव्यांना फोड आले होते. डोळे अर्धे उघडे, आणि ते आमच्याकडे बघत नव्हते.

"काका!" वहिनीनं त्यांचा चेहरा हातात घेतला. "डॉक्टर, अंग पेटलंय हो! घामसुद्धा नाहीये!"

डॉक्टरांना एक क्षण लागला. शरीरात दातांशिवाय इतर भाग असल्याचं त्यांना आठवावं लागलं. पण आठवल्यावर ते बदलले. रुग्णवाहिका बोलवा, म्हणाले. खाली न्या. घरात असेल नसेल ते पाणी आणा.

आम्ही काकांना त्यांच्या खोलीत आणलं. दादानं पंखा ओढून पूर्ण वेगानं त्यांच्यावर सोडला.

"नुसता नको!" डॉक्टर म्हणाले. "ही हवा त्यांच्या अंगापेक्षा गरम आहे, भट्टीचा भाता होईल तो. आधी ओलं करा. मग पंखा."

पाणी कुठे होतं? पिण्याच्या माठातलं ओतलं. फ्रिजमधल्या बाटल्या आल्या. दवाखान्यातले आजोबा कापूस तोंडात ठेवूनच स्वतःची पाण्याची बाटली घेऊन वर आले. वहिनीनं चादर भिजवली, काकांच्या अंगावर टाकली, मान, काखा, कपाळ पुसत राहिली. पंख्याची हवा त्या ओल्या चादरीवरून वाहू लागली. वहिनी प्रत्येक वेळी चादर वाळली की पुन्हा भिजवत होती, आणि कोणाकडेच बघत नव्हती. काका गेले तर आदल्या दिवशीचं ते वाक्य तिच्या नावावर आयुष्यभर राहणार होतं. आम्ही ते कधी बोललो नसतो. पण ते जेवताना आमच्यात बसलं असतं.

पंखा मान वळवत होता. दोरी अजून जाळीला होती. बोल्ट तिच्याबरोबर इकडून तिकडे फरफटत होता. कोणालाही ती सोडायचं सुचलं नाही.

मग काकांचा अंगठा हलला. मग ओठ.

आत्या वाकली. तिनं पर्यवेक्षकाचा आवाज काढला, पण तो नीट निघाला नाही. "ऐकतोयस ना? कुठे आहेस सांग."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे. वहिनीचे हात थांबले.

"काका, कडी मीच—"

काकांनी ओल्या चादरीतून बोट वर केलं. पाणी मागायचं तसं. पण ते पंख्याकडे होतं.

"हवेनं," ते म्हणाले.

घसा पार फाटला होता. शब्द कळायला वेळ लागला.

"काय?" आत्यानं विचारलं.

"कडी. हवेनं लागली."

हवेनं आतली कडी लागत नाही. गच्चीची तर नाहीच. ती वर उचलून अडकवावी लागते. हे आत्याला माहीत होतं, जिनं प्लास्टरमधली चिठ्ठी काढली होती. तिनं फरफटणाऱ्या बोल्टकडे पाहिलं. मग भावाकडे. मग वहिनीच्या भाजलेल्या तळव्याकडे.

"शक्य आहे," ती म्हणाली. "या घरात लागते. आत्ताच सिद्ध केलंय मी."

रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. दादा खाली धावला. काका आणखी काही म्हणत होते. मी पंख्याच्या मागे उभा होतो, म्हणून मला ते पात्यांमधून ऐकू आलं, तुकड्यातुकड्यांनी.

"स्व-स्वयंपाकघराकडे जा-जाणारा पंखा..." श्वास. "थो-थोड्याच वेळात सु-सुटेल."

आवाज थरथरला तो पंखा मध्ये होता म्हणून, असं मी ठरवलं.

"नको हो काका," वहिनी म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे."

तिचाही आवाज थरथरला. ती पंख्याच्या पलीकडे होती, काकांच्या उशाशी, आणि माझ्यापर्यंत पोचण्याआधीच तो थरथरलेला होता.